अकरा वर्षांची फाईल आणि लॉ कॉलेज

‘ताई, मी बार्शीजवळच्या एका गावात राहते. बारावी आर्ट्सला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. मला जज व्हायचंय. आतेभाऊ पुण्यात शिकतो, तो म्हणतो एनएलयूला, म्हणजे नॅशनल लॉ युनिव्हर्सिटीला, लागलीस तर लॉ कर, नाहीतर नाद सोड. आमच्या बाई म्हणतात मुंबईचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज बघ, फी कमी आहे. पप्पा म्हणतात करायचंच असेल तर सोलापूरला कर. आमच्या बांधाची केस अकरा वर्षं चालू आहे, त्यामुळे वकील शब्द काढला की ते जेवणावरून उठतात. मला इंग्रजी वाचता येतं, पण बोलताना ततपप होतं. माझा निभाव लागेल का? ता. क. काळा कोट उन्हाळ्यातपण घालावाच लागतो का?’

अगं, तुझ्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तू सहज लिहून पुढे गेलीस. पप्पांची अकरा वर्षांची केस. तिची फाईल घरात असणारच, बहुतेक एखाद्या कापड दुकानाच्या पिशवीत, कपाटाच्या वरच्या फळीवर. तिच्याकडे मी नंतर येते. आधी कॉलेजांचं बघू, कारण आतेभावाने तुला उगाच घाबरवून ठेवलंय.

तो म्हणतो त्यातलं निम्मं खरं आहे. चाळीसेक वर्षांपूर्वीपर्यंत आपल्याकडे लॉ म्हणजे बीए-बीकॉम झाल्यावर सकाळी दोन-तीन तासांत उरकायचा कोर्स होता. कुणी नोकरी सांभाळून करायचा, कुणी स्पर्धा परीक्षा देता देता, तर कुणी घरी बसून काय करायचं म्हणून. पप्पांच्या मनातलं लॉ कॉलेज बहुधा तेच आहे. ते चित्र बदलायला बेंगळुरूत नॅशनल लॉ स्कूल निघालं. १९८६ साली कर्नाटकाने त्यासाठी कायदा केला, माधव मेनन पहिले संचालक झाले आणि १९८८ मध्ये पहिली तुकडी बसली. बारावीनंतर सलग पाच वर्षं, पूर्ण वेळ, होस्टेलला राहून. पहिल्या दोन वर्षांत कायद्यासोबत अर्थशास्त्र, इतिहास, राज्यशास्त्र. पुढे राज्याराज्यांत याच धर्तीची विद्यापीठं उभी राहिली. आपल्याकडे २०१४ मध्ये कायदा झाला आणि मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर अशी तीन राष्ट्रीय विधी विद्यापीठं सुरू झाली. एनएलयू म्हणतात ती हीच.

तिथे जायचं तर क्लॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. ती डिसेंबरच्या सुरुवातीला होते, म्हणजे तुझ्या बारावीच्या परीक्षेच्याही आधी. दोन तास, १२० प्रश्न, चुकलं की पाव गुण वजा. आणि पेपर फक्त इंग्रजीत. कायद्याचं आधीचं ज्ञान लागत नाही, लागतो तो वाचनाचा वेग. साडेचारशे शब्दांपर्यंतचा उतारा, त्याखाली चार-पाच प्रश्न, की पुढचा उतारा. रोज एक इंग्रजी संपादकीय घड्याळ लावून वाचणारी मुलगी कोचिंगशिवायही बरीच मजल मारते. फॉर्म भर, परीक्षा दे. फॉर्मची फी काही हजारांत आहे, ती मात्र घरी आधी सांग.

आता आतेभाऊ जे सांगत नाही ते. एनएलयूची फी आणि होस्टेल मिळून वर्षाला लाखांचा हिशोब होतो, आणि वर्षं पाच. बरीच मुलं शैक्षणिक कर्ज काढतात. कर्ज काढण्यात गैर काही नाही. पण बाहेर पडल्यावर हप्ता सुरू होतो, आणि तालुक्याच्या कोर्टात नव्या वकिलाला पहिली दोन वर्षं जे मिळतं त्यात हप्ता सोड, महिन्याचा पेट्रोलचा खर्चही कधी कधी निघत नाही. मग ती हुशार मुलगी मुंबई-दिल्लीच्या लॉ फर्ममध्ये जाते, कंपन्यांचे करार तपासते. चांगलं काम आहे, पगारही चांगला. फक्त तिथून जजच्या खुर्चीकडे जाणारा रस्ता लांबचा आहे. तुला काय व्हायचंय हे तू पहिल्याच ओळीत लिहिलंस, म्हणून हा हिशोब तुझ्यासाठी महत्त्वाचा.

बाईंनी सुचवलेल्या कॉलेजबद्दल मात्र मला जरा जास्त बोलायचंय.

मुंबईचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज १८५५ सालचं. मुंबई विद्यापीठ १८५७ चं आणि मुंबई हायकोर्ट १८६२ चं, म्हणजे ज्या विद्यापीठाशी ते जोडलेलं आहे आणि ज्या कोर्टात त्याची मुलं जातात, त्या दोघांपेक्षा हे कॉलेज वयाने थोरलं. आशियातलं सगळ्यात जुनं लॉ कॉलेज म्हणून त्याची ओळख करून देतात. लोकमान्य टिळकांनी एलएलबी इथून केलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आधी इथे शिकवायचे आणि १९३५ मध्ये इथले प्राचार्य झाले. या मोठ्या नावांनी तुझी परीक्षा सुटणार नाही हे मलाही कळतं. पण सरकारी कॉलेज आहे, फी हजारांत आहे, आणि गरीब घरातल्या हुशार मुलांची तिथे पूर्वापार रीघ आहे. ती रीघ बघितली की आपण परके वाटत नाही, आणि पहिल्या वर्षी याची फार गरज असते.

या कॉलेजचा खरा फायदा जागेचा आहे. चर्चगेट स्टेशनपासून चालत काही मिनिटांवर कॉलेज, आणि ओव्हल मैदान ओलांडलं की हायकोर्ट. सकाळी लेक्चर, अकरा वाजता हायकोर्टाच्या मागच्या बाकावर, दुपारी फोर्टातल्या कुठल्या तरी वकिलाच्या चेंबरमध्ये फायली लावायला. असा दिवस घालवता येईल अशी कॉलेजं महाराष्ट्रात थोडीच आहेत. (हायकोर्टाची नवी इमारत वांद्रे पूर्वेला व्हायची आहे. होईल तेव्हा हे गणित थोडं बदलेल, पण फोर्टातली चेंबर्स काही एका रात्रीत उठून जाणार नाहीत.) तिथल्या समित्या मुलंच चालवतात. कुणी मूट कोर्ट बघतं, कुणी विधी साहाय्य, कुणी नियतकालिक. डी. एम. हरीश यांच्या नावाची आंतरराष्ट्रीय मूट कोर्ट स्पर्धा हेच कॉलेज भरवतं. मूट म्हणजे लुटुपुटुचा खटला. खोटी केस, खरे कायदे, समोर जज म्हणून बसलेले वकील किंवा न्यायाधीश, आणि तुझं वाक्य अर्ध्यावर तोडून विचारलेले प्रश्न. बोलताना ततपप होणाऱ्या मुलीने तर पहिल्याच वर्षी त्यात उडी मारावी. ततपप सगळ्यांचंच होतं, तिथे ते मोफत होतं.

अशा कॉलेजात तुला कुणी बोट धरून नेत नाही, हा त्याचा दुसरा भाग. एनएलयूत होस्टेल, ग्रंथालय आणि शिक्षक एकाच आवारात असतात, कोण मागे पडलंय ते दिसतं. मुंबईत तू लेक्चरला गेलीस काय आणि मरीन ड्राइव्हला बसलीस काय, संध्याकाळी विचारणारं कुणी नाही. ज्याला कळतं कुठे जाऊन बसायचं, त्याला तिथे सगळं मिळतं. आणि फी कमी म्हणून मुंबई स्वस्त होत नाही. होस्टेल मिळालं नाही तर कॉट बेसिसवर, म्हणजे नुसती खाट भाड्याने घेऊन, राहण्याचे महिन्याचे पैसे वर्षाच्या फीपेक्षा जास्त होतात. लातूर-मुंबई गाडी बार्शीवरून जाते, एवढीच काय ती सोय.

प्रवेश राज्याच्या सीईटीतून. त्यात दोन गोष्टी तुझ्या बाजूच्या आहेत. पेपर मराठीतही असतो आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणजे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. मात्र या कॉलेजच्या जागा अगदी वरच्या गुणांवर भरतात, तेव्हा पर्यायांची यादी लांब ठेव. पुण्याचं आयएलएस घाल. टेकडीच्या पायथ्याचं, १९२४ चं कॉलेज. लॉ कॉलेज रोड म्हणतात तो त्याच्यावरूनच. सोलापूरचं दयानंद घाल, कोल्हापूरचं शहाजी घाल. प्रवेशाच्या फेऱ्या रेंगाळतात, इतर मैत्रिणींचं कॉलेज सुरू होऊन त्यांचे फोटो यायला लागले तरी तू घरीच असशील. घाबरून दुसरीकडे पैसे भरू नकोस.

सोलापूरबद्दल थोडक्यात. पप्पांचं म्हणणं मोडीत काढू नकोस. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि सोलापूर जिल्हा त्यात आला. इतकी वर्षं आपल्याकडच्या पक्षकाराला अपिलासाठी मुंबई गाठावी लागायची. आता कोल्हापूर. पुढच्या दहा वर्षांत या भागात हायकोर्टाचं काम करणारे वकील लागणार आहेत. सोलापूरला शिकून, तिथल्याच कोर्टात ज्युनियरशिप करून कोल्हापूरला उभी राहिलेली मुलगी कुणाच्या मागे राहणार नाही. घरून ये-जा झाली तर पैसाही वाचतो. फक्त त्या वाचलेल्या पैशातले थोडे पुस्तकांना आणि वर्षातून एकदा मुंबईच्या इंटर्नशिपला लाव.

कॉलेज कुठलंही असो, आत शिरल्यावर काय बघायचं ते सांगते. माझ्या कॉलेजात (नाव नको) मूट कोर्टची खोली होती. माहितीपत्रकात तिचा फोटोही होता. पाच वर्षांत मी ती दोनदा उघडलेली पाहिली, दोन्ही वेळा तपासणीला माणसं आली होती. चावी शिपायाकडे, शिपाई रजेवर. म्हणून तू गेलीस की थेट विचार, मूट हॉल कुठे आहे, आणि कठड्यावर बोट फिरवून बघ. ग्रंथालय किती वाजता बंद होतं ते विचार. समोरच्या टपरीवर तिसऱ्या-चौथ्या वर्षाची मुलं उभी असतील, त्यांना विचार की या आठवड्यात लेक्चर किती झाली. बार कौन्सिल म्हणजे वकिलांची नियामक संस्था, तिचा नियम विषयागणिक ७० टक्के हजेरीचा आहे. ज्या कॉलेजात कुणी ‘हजेरीचं टेन्शन घेऊ नको’ म्हणेल, तिथे शिकवण्याचंही टेन्शन कुणी घेत नसतं.

बार कौन्सिलची त्या कॉलेजला चालू मान्यता आहे का, हे पैसे भरण्याआधी बघ. मान्यतेत घोळ असेल तर पाच वर्षांनी वकिलीची सनद अडकते, आणि तेव्हा कॉलेजवाले फोन उचलत नाहीत.

नियमांप्रमाणे पाच वर्षांच्या कोर्सला किमान वीस आठवडे इंटर्नशिप करावी लागते. शेवटच्या टप्प्यात एक दिवाणी आणि एक फौजदारी केस कोर्टात बसून बघायची, त्याची नोंदवही लिहायची, त्याला गुण असतात. बरीच मुलं मागच्या वर्षीच्या मुलाची वही उतरवतात. तू उतरवू नकोस, कारण तुला आयुष्यभर त्याच खोलीत बसायचंय.

इंग्रजीचं आता. हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्टाची भाषा इंग्रजी आहे, निकाल इंग्रजीत आहेत, चांगली पुस्तकं इंग्रजीत आहेत. त्याला पळवाट नाही. पण तालुका आणि जिल्हा कोर्टांची भाषा महाराष्ट्रात मराठी आहे. दावा मराठीत, जबाब मराठीत, पंचनामा मराठीत. आमच्याकडे एका मोठ्या विद्यापीठातून शिकलेला एक ज्युनियर आला होता. हुशार मुलगा. एकदा उलटतपासणीत त्याने साठीच्या शेतकऱ्याला विचारलं, ‘तुमच्या प्रॉपर्टीवर एनक्रोचमेंट नेमकी कधी झाली?’ म्हातारा त्याच्याकडे बघत राहिला. जजबाईंनीच चष्म्यावरून बघत विचारलं, ‘आजोबा, बांध कधी कोरला?’ मग आजोबा थांबेनात. कुठल्या पेरणीला, कुणाच्या नांगराने, बाभळ कुठे होती आणि ती कुणी तोडली. सातबारा, फेरफार, वहिवाट, पोटहिस्सा, सामाईक विहीर हे शब्द तुला घरात कानावरून गेलेत. त्याला ते शिकायला दोन वर्षं लागली. खरं तेही सांगायला हवं. त्याच मुलाने एकदा एका रात्रीत हायकोर्टासाठी वीस पानांचं टिपण लिहिलं, तसं मला आजही जमत नाही. तुझं कमी आहे ते पाच वर्षांत भरून निघेल, त्याचं निघालं तसं. रोज एक निकाल वाच, त्याचा सारांश मराठीत पाच ओळींत लिही, मग तोच इंग्रजीत.

अमरावतीत नगरपालिकेच्या मराठी शाळेत ज्यांची सुरुवात झाली आणि ज्यांनी कायद्याचं शिक्षण अमरावतीतच घेतलं, ते भूषण गवई २०२५ मध्ये देशाचे सरन्यायाधीश झाले. हे तुला हुरूप यावा म्हणून सांगत नाही, आतेभावाच्या ‘नाहीतर नाद सोड’ला उत्तर हवं म्हणून सांगते.

जज व्हायचं तर एक बदल लक्षात ठेव. मधली काही वर्षं ताजी पदवी घेतलेली मुलंही दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या परीक्षेला बसू शकायची. २० मे २०२५ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने किमान तीन वर्षं वकिलीची अट पुन्हा आणली. काहींना तो अन्याय वाटला, विशेषतः मुलींच्या पालकांना, कारण ती तीन वर्षं नेमकी लग्नाच्या वयात येतात. माझं मत वेगळं आहे. तारीख पडली म्हणून पन्नास किलोमीटरवरून आलेली म्हातारी परत जाताना जिने बघितलेली नाही, तिने तारीख देण्याच्या खुर्चीत घाईने बसू नये. पण या अटीचा तुझ्या निवडीवर परिणाम होतो. पाच अधिक तीन, असा आठ वर्षांचा आराखडा धर. त्यातली शेवटची तीन वर्षं तू कुठल्या कोर्टात, कुणाच्या हाताखाली आणि कुणाच्या पैशावर काढणार, हे आधी ठरव. कॉलेजचं उत्तर त्यातून आपोआप निघेल.

सनदेच्या पैशांची धास्ती नको. पूर्वी बार कौन्सिलांची नोंदणी फी हजारोंत जायची. जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कायद्यात लिहिलेल्या ७५० रुपयांपेक्षा जास्त घेता येणार नाही, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा असते. शंभर प्रश्न, टिपा न लिहिलेली कायद्याची पुस्तकं सोबत नेता येतात, ४५ टक्के मिळाले की झालं.

फीचंही एक. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी आणि परीक्षा फी राज्य सरकार पूर्ण माफ करतं. प्रवेश सीईटीच्या फेरीतून हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नको. एससी-एसटीसाठी वेगळ्या शिष्यवृत्त्या आहेतच. तुझा प्रवर्ग तू लिहिला नाहीस. उत्पन्नाचा दाखला आणि जातीचे कागद आत्ताच तहसीलमधून काढून ठेव, जूनमध्ये तिथे उभं राहायला जागा नसते.

आणि रद्दीतून स्वस्तात मिळाली म्हणून भारतीय दंड संहितेची जुनी पुस्तकं उचलू नकोस. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. खुनाचं ३०२ आता १०३ झालं आणि चारशे वीस गेलं ३१८ मध्ये. (शिवी म्हणून चारसोबीस अजून काही पिढ्या टिकेल.) त्याआधी घडलेल्या गुन्ह्यांना मात्र जुनंच लागू आहे, म्हणून कोर्टात दोन्ही आकडे ऐकू येतील.

आता ती पिशवी. येत्या रविवारी पप्पांना लॉबद्दल काही न विचारता एवढंच म्हण, ‘आपल्या बांधाची फाईल मला वाचायला द्या.’ आधी वादीचा, म्हणजे केस लावणाऱ्याचा, दावा शोध, मग त्यावर प्रतिवादीने दिलेली कैफियत. पप्पा वादी आहेत की प्रतिवादी, ते तिथे कळेल. मग ‘निशाणी ५’ लिहिलेला कागद बघ. तो बहुतेक तात्पुरत्या मनाईचा अर्ज असतो आणि जमिनीच्या भांडणात खरी लढाई तिथेच होते. मनाई मिळाली का, मिळाली तर कुठल्या कारणाने, ते आदेशात सापडेल. शेवटी रोजनाम्याच्या नकला असतील तर त्या चाळ. प्रत्येक तारखेला काय झालं याची एकेक ओळ असते. वहीत तीन रकाने आख. तारीख, काय झालं, कुणामुळे पुढे ढकललं. फाईलवर सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर असेल, तो ई-कोर्ट्सच्या अॅपवर टाकलास की पुढची तारीखही दिसेल.

कुठे अडशील तिथे पप्पांना विचार. अकरा वर्षं हेलपाटे घातलेल्या माणसाला त्या फाईलमधलं पान आणि पान माहीत असतं, फक्त आजवर त्याला ते कुणी विचारलेलं नसतं. पुढच्या तारखेला त्यांच्यासोबत बार्शीच्या कोर्टात जा. मोबाइल बंद, मागच्या बाकावर, पुकारा होईपर्यंत. त्या दिवशी कंटाळा आला तर मला तसं कळव. मग आपण दुसऱ्या कोर्सबद्दल बोलू, लाज वाटून घेऊ नकोस. आणि घरी येताना बसमध्ये तू आणि पप्पा त्या तारखेवरून वाद घालत आलात, तर क्लॅट आणि सीईटी दोन्हीचे फॉर्म भर.

तुझ्या ता. क.चं उत्तर. उन्हाळ्यात तालुका-जिल्हा कोर्टात काळ्या कोटाची सक्ती नसते, हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्टात ती सवलत नाही. गळ्यातला पांढरा बँड मात्र बाराही महिने. दोन घेऊन ठेव, एक नेहमी धुवायला पडलेला असतो.